मापाडी

साक्ष देताना लोक तारीख सांगतात.
अमुक सालचा उपवास, तमुक सभेची रात्र,
आणि तिथून पुढे सगळं लख्ख.
पाळक रणपिसे दोनदा म्हणाले,
"शमुवेल, या रविवारी तुम्ही बोला."
माझ्याकडे तारीख नाही.
माझ्याकडे पायाचा अंगठा आहे.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
एकवीस वर्षं मापं केली.
गोणी काट्यावर चढते,
हमाल मान पुसतो,
गिऱ्हाईक आकड्याकडे बघतं,
आणि माझा उजवा अंगठा चपलेतून पुढे सरकून
काट्याच्या कडेला टेकतो,
मांजर दुधाच्या भांड्याला नाक लावतं तसा.
दीड किलो. कधी पावणेदोन.
शेठ बघायचे नाहीत.
त्यांचं न बघणं माझ्या पगारात धरलेलं होतं.

एस्तेरची दहावी होती तेव्हाची गोष्ट.
तिला पहाटे चारला उठवायचं माझ्याकडे.
ती भूमिती करणार, मी तिथंच बसणार,
झोपलो तर तीही झोपणार.
मोबाइलवर तिच्या आईची बंदी.
म्हणून कपाटावरचं ते काळं पुस्तक काढलं,
लग्नात मिळालेलं, पानं अजून एकमेकांना चिकटलेली.
एक अध्याय. मग गुडघे. मग मार्केट.
एस्तेर पास झाली, बेलापूरला नोकरीला लागली,
माझे चार काही सुटले नाहीत.

खरं सांगायचं तर
पहिली दोन वर्षं
अध्यायही चालू होता आणि अंगठाही.

गुडघे टेकले की अंगठाही टेकतो.
कोपरखैरण्यातली आमची फरशी
मे महिन्यातही गार असते.
एके दिवशी मार्केटात सवयीने पुढे सरकलो
आणि कडेचं लोखंड लागलं तेवढंच गार.
पाय मागे घेतला.
आकाश वगैरे काही उघडलं नाही.
पन्नास पूर्णांक शून्य.
हमाल म्हणाला, "उचलू का?"

महिन्याभरात शेठ म्हणाले, काटा हल्ली हलका पडतो.
मला गेटवर पावत्या फाडायला बसवलं.
बायकोने एक भिशी बंद केली.
वाईट वाटलं. अजून वाटतं,
विशेषतः एक तारखेला.

मग सुंद्राबाई.
सेक्टर एकोणीसच्या नाक्यावर बसणारी,
अकरा वर्षं आमच्याकडून दोन गोण्या उचलणारी.
हिशेब मांडला, जमेना,
शेवटी अकरा हजार पाकिटात घातले
आणि तिच्यासमोर उकिडवा बसून सगळं सांगितलं.
अंगठ्यासकट.

तिने पायाकडे बघितलं माझ्या.
म्हणाली, "मना म्हायत व्हतं रं.
तू किलो खाल्लास,
मी बी पाव-पाव करून लोकांकडनं काढलं."

यावर काय बोलायचं
ते कुठल्या अध्यायात मला सापडलेलं नव्हतं.
ते लोक कोण, कुठल्या बिल्डिंगीतले,
कुणाच्या भाजीत किती कांदे कमी पडले.
पाकीट तिने घेतलं, ब्लाउजात सारलं.
माफ केलं असं काही म्हणाली नाही.
म्हणाली, "उन्हात का बसलास, हिकडं सरक."
सरकलो.
एक बाई आली, अर्धा किलो म्हणाली.
सुंद्राबाईने तागडी धरली,
माझ्याकडे एकदा रागानं बघितलं
आणि वर एक कांदा टाकला.

हे रविवारी उभं राहून कसं सांगणार?
वाशीचा हॉल तासाच्या भाड्याने असतो,
आणि ही साक्ष कुठे संपते ते मला माहीत नाही.

आज पहाटे चार वाजून दहा.
काल चुकलं होतं, परवाही.
गुडघा कट्कन वाजतो.
प्रार्थनेत ऋणांची ओळ येते
तिथं मी रोज अडखळतो,
गोणी पाठीवर घेतलेला माणूस उंबऱ्याशी थांबतो तसा.
अंगठा फरशीवर.
गार.
आतल्या खोलीतून एस्तेर विचारते,
"बाबा, उठलात का?"
हो म्हणायला जातो.
मग म्हणतो, उठतोय.